स्वयंचलित रेचे, हाताची वेचणी

औद्योगिक स्वयंचलन म्हटले की सर्वसाधारण वाचकाच्या डोळ्यांसमोर चाकण किंवा वाळूजचे वाहन कारखाने, तेथील वेल्डिंग करणारे पोलादी हात आणि काचेआडचे नियंत्रण कक्ष येतात. यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, निर्गुडा नदीच्या काठी वसलेल्या वणीचे नाव या संदर्भात सहसा कोणी घेत नाही. वणी ओळखली जाते ती कोळसा, चुनखडी आणि कापूस यांसाठी, म्हणजे कच्च्या मालासाठी. तथापि, ज्या कापसाने या भागाला ओळख दिली, त्या कापसावरील पहिली कारखानी प्रक्रिया, म्हणजे जिनिंग-प्रेसिंग, गेल्या पंचवीस वर्षांत विदर्भभर जवळजवळ ओळखू न येण्याइतकी बदलली आहे. यंत्र काय करू शकते, काय करू शकत नाही आणि त्याच्या लाभाचे वाटप कसे होते, हे समजून घेण्यासाठी वणीच्या परिसरातील कारखान्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

पाहणे, ठरवणे, करणे

यांत्रिकीकरण आणि स्वयंचलन या दोन शब्दांची अनेकदा गल्लत होते. यांत्रिकीकरणात माणसाच्या स्नायूंचे काम यंत्राकडे जाते. यंत्र केव्हा चालवायचे, किती चालवायचे आणि केव्हा थांबवायचे, हे माणूसच ठरवतो. स्वयंचलनात हे ठरवण्याचे कामही यंत्रणेकडे जाते. अशा कोणत्याही यंत्रणेचे तीन भाग असतात. पहिला संवेदक, तो तापमान, वजन, ओलावा किंवा पातळी मोजतो. दुसरा नियंत्रक, तो आलेल्या मापाची ठरवून दिलेल्या मापाशी तुलना करून निर्णय घेतो. तिसरा भाग हा निर्णय अमलात आणणारा; तो झडप उघडतो, मोटार थांबवतो किंवा दट्ट्या पुढे ढकलतो. कृतीचा परिणाम संवेदक पुन्हा मोजतो आणि हे चक्र अखंड चालू राहते.

या चक्रातील नियंत्रकाला आजचे रूप मिळाले ते अमेरिकेत. १९६८ पर्यंत मोटार कारखान्यांतील यंत्रांचे नियंत्रण शेकडो रिले आणि तारांच्या जंजाळातून होत असे. मोटारीचे मॉडेल बदलले की ही सारी जोडणी उलगडून पुन्हा करावी लागे. जनरल मोटर्सला यातून सुटका हवी होती. डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, म्हणजेच आजचा 'पीएलसी', तयार केला. तारा बदलण्याऐवजी आज्ञावली बदलली की काम भागू लागले. आज दुधाच्या पिशव्या भरणाऱ्या यंत्रापासून साखर कारखान्यापर्यंत सर्वत्र हीच पेटी बसलेली दिसते.

रोबो हा या विषयाचा केवळ एक, आणि सर्वात झगमगता, भाग आहे. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या नोंदीनुसार २०२३ मध्ये जगभरातील कारखान्यांत सुमारे ५ लाख ४१ हजार नवे रोबो बसवले गेले. त्यांपैकी सुमारे २ लाख ७६ हजार एकट्या चीनमध्ये, तर भारतात ८ हजार ५१०. या आकड्यांवरून भारतात स्वयंचलन नगण्य आहे असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. आपल्याकडील स्वयंचलन बहुतांशी रोबोच्या रूपाने येत नाही. ते जुन्याच यंत्रावर बसवलेल्या संवेदकाच्या आणि पीएलसीच्या रूपाने, गाजावाजा न करता येते. जिनिंगमध्ये नेमके हेच घडले आहे.

टोपलीपासून नळीपर्यंत

कापसापासून सरकी वेगळी करून रुई काढणे म्हणजे जिनिंग आणि त्या रुईची दाबून गाठ बांधणे म्हणजे प्रेसिंग. शंभर किलो कापसातून साधारण चौतीस किलो रुई मिळते. उरते ती मुख्यतः सरकी. भारतात रुईची प्रमाणित गाठ १७० किलोची असते, म्हणजे एका गाठीला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. आपल्याकडे हे काम प्रामुख्याने दोन रुळांच्या रेच्यावर होते. त्याचे मूळ अमेरिकेत १८४० मध्ये मॅकार्थी यांनी बनवलेल्या रुळाच्या रेच्यात आहे. धागा फारसा तुटू न देता सरकी सोडवण्याचा या रेच्याचा गुण आजही मान्य आहे.

जुन्या कारखान्यात रेचा विजेवर चालत असला तरी त्याच्या अवतीभवतीचे सारे काम माणसांचे होते. उघड्या आवारात, मातीवर कापसाच्या गंज्या लागत. तेथून मजूर, विशेषतः स्त्रिया, टोपल्यांतून कापूस डोक्यावर वाहून रेच्यांच्या ओट्यावर आणत. प्रत्येक रेच्यापाशी उभे राहून हाताने कापूस भरला जाई. निघालेली रुई पुन्हा गोळा करून पाला हाऊसमध्ये नेली जाई. तेथे बसून स्त्रिया त्यातील पत्ती आणि कवडी वेचून काढत. प्रेसच्या पेटीत रुई पायांनी तुडवली जाई आणि मग गाठ बांधली जाई.

आधुनिक कारखान्यात हा प्रवास नळ्यांतून आणि पट्ट्यांवरून होतो. हवेच्या ओढीने कापूस नळीतून वर जातो, सफाई यंत्रातून फिरतो आणि रेच्यांच्या रांगेवरील वाहकात पडतो. प्रत्येक रेच्याच्या तोंडाशी कापसाची पातळी किती आहे हे पाहून त्याचा भरणा आपोआप कमी-जास्त होतो. मोटार किती वीज ओढते आहे यावरून रूळ अडकल्याची खूण मिळते. रुई वाहकावरून थेट प्रेसकडे जाते. तेथे तुडवण्याचे काम यांत्रिक दट्ट्या करतो, ठरलेले वजन भरताच द्रवदाबाची प्रेस चालू होते आणि गाठ बाहेर पडते.

हा बदल केवळ सोयीचा नव्हता हे साध्या हिशेबाने ध्यानात येईल. जुना रेचा तासाला साधारण पन्नास किलो रुई देई. चोवीस रेच्यांच्या कारखान्यातून तासाला सुमारे सात गाठी निघत. नवे रेचे याच्या दुप्पट रुई देतात, म्हणजे तासाला चौदा गाठी. त्यासाठी दर तासाला सात हजार किलो कापूस रेच्यांपर्यंत पोहोचला पाहिजे. वीस किलोच्या टोपलीने हे काम करायचे तर तासाला साडेतीनशे खेपा, म्हणजे मिनिटाला जवळजवळ सहा. रेचा वेगवान झाला की डोक्यावरची टोपली टिकूच शकत नाही. एका टप्प्याची गती वाढली की शेजारच्या टप्प्याला तिच्याशी जुळवून घ्यावेच लागते. स्वयंचलन कारखान्यात पसरते ते याच क्रमाने.

गुणवत्तेचे कारण

जिनिंग कारखान्यांनी हा खर्च का केला, याचे उत्तर मजुरीच्या बचतीत पूर्णपणे सापडत नाही. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू होती. शेतकऱ्याचा कापूस राज्य सहकारी कापूस उत्पादक पणन महासंघ घेई आणि खासगी जिनिंग कारखाने ठरलेल्या दराने त्यावर प्रक्रिया करून देत. रुई स्वच्छ निघाली काय किंवा कचऱ्याची निघाली काय, कारखानदाराच्या हाती पडणारी रक्कम सारखीच. अशा व्यवस्थेत नव्या यंत्रावर पैसा घालण्यास कोण धजावेल?

या शतकाच्या आरंभी दोन गोष्टी एकाच सुमारास घडल्या. एकाधिकाराची पकड सुटून खासगी खरेदीला वाट मोकळी झाली आणि फेब्रुवारी २००० मध्ये केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले. या अभियानाच्या चौथ्या विभागात जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या आधुनिकीकरणाला अनुदान मिळू लागले. फरसबंद आवार, वाहक यंत्रणा, स्वयंचलित भरणा आणि नवी प्रेस या त्यातील मुख्य बाबी होत्या. २०१० अखेरपर्यंत देशभरातील आठशेहून अधिक कारखाने या योजनेतून सुधारले गेले. त्यामागे निर्यातीचा रेटा होता. भारतीय रुईत केस, सुतळी, कापडाच्या चिंध्या आणि प्लास्टिकच्या पोत्यांचे धागे सापडतात, अशी परदेशी सूतगिरण्यांची जुनी तक्रार होती. मातीवरची गंजी आणि डोक्यावरची टोपली गेल्याशिवाय ही तक्रार मिटणार नव्हती.

ओलाव्याचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. वणीकडील फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत रुई फार सुकते, धागा ठिसूळ होतो आणि रेच्यातून जाताना तुटतो. म्हणून मोजून दमटपणा द्यावा लागतो. पूर्वी हे काम अंदाजाने होई आणि वजन वाढवण्यासाठी पाणी मारल्याचा संशयही त्याला चिकटलेला असे. आता संवेदक ओलावा मोजतो आणि नियंत्रक तुषारांची झडप तेवढीच उघडतो. काम बिनचूक होते आणि त्याची नोंदही राहते. स्वयंचलनाची ही दुसरी देणगी पहिलीइतकीच मोलाची आहे: यंत्र काम करते आणि कामाचा पुरावाही ठेवते.

हंगामाचे गणित

स्वयंचलन किती करावे याचे उत्तर प्रत्येक उद्योगात वेगळे असते. वणीजवळच झरी-जामणी तालुक्यातील मुकुटबन येथे बिर्ला कॉर्पोरेशनच्या उपकंपनीचा वार्षिक ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. सिमेंटच्या भट्टीत सुमारे १,४५० अंश सेल्सिअस तापमानाला चुनखडीचे क्लिंकर होते. ही भट्टी रात्रंदिवस चालते आणि तिच्यातील घडामोडी डोळ्यांनी पाहून, हातांनी सांभाळता येत नाहीत. आधुनिक सिमेंट उद्योगाला म्हणूनच मध्यवर्ती नियंत्रण कक्षाखेरीज पर्याय नाही. शिवाय यंत्रणेची किंमत बाराही महिन्यांच्या उत्पादनावर विभागली जाते.

जिनिंगचे तसे नाही. कापूस ऑक्टोबरच्या सुमारास येऊ लागतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी आवक आटते. वर्षातील निम्म्याहून अधिक काळ कारखाना बंद, पण कर्जाचा हप्ता आणि विजेचा स्थिर आकार चालूच. त्यात पावसाने ओढ दिली किंवा गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली की आलेला हंगामही अपुरा पडतो. त्यामुळे कारखानदार सारे काही स्वयंचलित करण्याच्या भानगडीत पडत नाही; जेथे गती किंवा गुणवत्ता अडते तेवढाच टप्पा तो बदलतो. कापसाच्या शेतकऱ्यावर निसर्गाची जी टांगती तलवार असते, तीच थोड्या अंतरावरून या गुंतवणुकीवरही असते.

कोणाचे काम गेले?

जिनिंगमधील बदलाने टोपली वाहणाऱ्या, रेच्यावर कापूस भरणाऱ्या आणि प्रेसमध्ये रुई तुडवणाऱ्या हातांची गरज कमी केली, यात शंका नाही. वणी, मारेगाव, झरी-जामणी या भागांतील भूमिहीन कुटुंबांना हंगामात मिळणारी ही हमखास मजुरी होती. तिच्या जाण्याची नोंद कोणत्याही अनुदान-अहवालात ठळकपणे होत नाही.

मात्र ही मजुरी कोणत्या परिस्थितीत मिळत होती, तेही विसरून चालणार नाही. हवेत तरंगणारे तंतू श्वासावाटे फुफ्फुसांत जात, उघड्या पट्ट्यांत पदर अडकण्याचे भय असे, आणि कापसातील एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा ठिणगी पाडून सारी गंजी पेटवू शके. १९४८ च्या कारखाना कायद्याने कापूस पिंजणारे यंत्र चालू असलेल्या दालनात स्त्रिया व मुलांना कामावर ठेवण्यास कलम २७ अन्वये मनाई केली होती. धोका किती ओळखीचा होता, हे त्यावरून समजते. बंदिस्त नळ्या, धूळ ओढणारे पंखे आणि ठिणगी ओळखून वाहक थांबवणारे संवेदक यांमुळे हा धोका कमी करता येतो. गेलेली सगळीच कामे जपण्यासारखी नव्हती, ही कबुली दिल्याशिवाय या विषयाची प्रामाणिक चर्चा होऊ शकत नाही.

खरा प्रश्न नव्या कामांचा आहे. रेच्याच्या सुरीचे आणि रुळाचे अंतर जुळवणारा, आवाजावरून बिघाड ओळखणारा फिटर आजही लागतो. पण त्याच्या जोडीला आता संवेदक तपासणारा, पीएलसीची आज्ञावली वाचू शकणारा तंत्रज्ञही लागतो. ऐन हंगामात यंत्रणा बंद पडली आणि दुरुस्तीसाठी नागपूरहून माणूस येईपर्यंत आवारात वाहने खोळंबली, तर स्वयंचलनाचा सारा हिशेब कोलमडतो. नागपूरला जिनिंगचे प्रशिक्षण केंद्र आहे, तालुक्या-तालुक्यांत आयटीआय आहेत. कोळसा खाणी, सिमेंट प्रकल्प आणि जिनिंग या तिन्ही उद्योगांना लागणारे वीज व उपकरण दुरुस्तीचे मूलभूत कौशल्य जवळजवळ सारखेच आहे. बंद हंगामात कारखान्यातीलच यंत्रावर स्थानिक तरुणांना आणि तरुणींना शिकवणे, हा यातील सर्वात स्वस्त उपाय आहे. जमीन आणि कच्चा माल येथला, तर यंत्राचे ज्ञान बाहेरचे, ही विभागणी कायम राहिली तर वणीच्या वाट्याला मजुरीतील घट तेवढी येईल.

मोजमाप कुठे थांबते?

कारखान्याच्या आत आता जवळजवळ सारे मोजले जाते. गाठीतील रुईचा नमुना एचव्हीआय यंत्रावर तपासला की धाग्याची लांबी, ताकद, तलमपणा, रंग आणि कचरा यांचे आकडे मिळतात. भारतीय कापसाला स्वतःचे नाव मिळावे म्हणून 'कस्तुरी कॉटन भारत' हा उपक्रम सुरू झाला; त्यात गाठीवरील क्यूआर खुणेवरून तिचा माग काढता येतो. गाठीला अशा प्रकारे स्वतःची कुंडली मिळाली.

कारखान्याच्या फाटकाबाहेर चित्र पालटते. भारतीय कापूस महामंडळाची हमीभाव खरेदी अनेकदा जिनिंगच्या आवारातच होते. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये हमीभाव जाहीर झाला. नोंदणीसाठी 'कपास किसान' हे मोबाइल उपयोजन आले. या खरेदीत शेतकऱ्यासमोर एकच उपकरण प्रामुख्याने उभे राहते, ते ओलावा मोजणारे. ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की दर कमी होतो आणि बारा टक्क्यांच्या वर गेला की कापूस नाकारला जातो. म्हणजे उणे करण्यासाठी मोजमाप आहे. स्वच्छ वेचलेल्या, केस-सुतळी नसलेल्या कापसाला अधिक देण्यासाठी मात्र तसे मोजमाप नाही. तेथे खरेदीदाराची नजर आणि हाताचा अंदाज यांवरच भागते.

याचा परिणाम थेट शेतात दिसतो. भारतातील कापूस आजही जवळजवळ संपूर्णपणे हाताने, मुख्यतः स्त्रियांकडून वेचला जातो. वेचणीची मजुरी किलोवर ठरते. अलीकडच्या हंगामांत ती किलोला दहा रुपयांच्या आसपास गेली असून, शेतकऱ्याला ती जड जाते आणि दिवसभर उन्हात वाकणाऱ्या बाईला ती पुरत नाही. किलोवर पैसे मिळणार असतील तर पत्ती आणि कवडी बाजूला काढण्यात वेळ कोण घालवील? स्वच्छतेचे मोल शेतकऱ्यालाच मिळत नसेल तर तो ते वेचणाऱ्या बाईला कोठून देणार? ज्या भेसळीसाठी कारखान्यात लाखो रुपयांची यंत्रणा बसवली गेली, तिचा मोठा भाग फाटकाबाहेरच कापसात मिसळलेला असतो. एकदा रेच्यातून गेलेला प्लास्टिकचा धागा बारीक होऊन रुईत पसरतो आणि मग तो शोधणे सूतगिरणीलाही महागात पडते.

वेचणीचेही यांत्रिकीकरण करावे, हा यावरचा एक सुचवला जाणारा उपाय आहे. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था बुटक्या, आटोपशीर वाणांच्या दाट लागवडीचा पुरस्कार करीत आहे. यंत्राने वेचायचे तर झाडे सारख्या उंचीची आणि बोंडे एकाच वेळी फुटणारी हवीत. परंतु यंत्राने वेचलेल्या कापसात पाला अधिक येतो, म्हणजे जिनिंगमध्ये आणखी सफाई यंत्रे बसवावी लागतात. लहान तुकड्यांच्या कोरडवाहू शेतात हे यंत्र परवडणे सोपे नाही. शिवाय जिनिंगमधील मजुरी आधीच आटलेल्या स्त्रियांच्या हातून वेचणीही गेली तर हंगामात त्यांना दुसरे कोणते काम मिळणार, याचे उत्तर कोणाकडेही तयार नाही.

फाटकाबाहेरचा टप्पा

म्हणून आज निकड आहे ती गाठीपर्यंत पोहोचलेले मोजमाप उलट दिशेने, वाहनापर्यंत आणि शेतापर्यंत नेण्याची. खरेदीच्या जागीच शेतकऱ्याच्या मालाचा नमुना घेऊन कचरा, भेसळ आणि धागा यांची तपासणी करणे, तिचा आकडा पावतीवर छापणे आणि स्वच्छ मालाला ठरावीक वाढीव दर देणे, हे तंत्रज्ञानाच्या दृष्टीने अवघड राहिलेले नाही. असा दर मिळू लागला तर वेचणीची मजुरी केवळ किलोवर न ठेवता स्वच्छतेवरही ठेवता येईल. सुती पिशवी आणि डोक्याला रुमाल यांचा आग्रहही मग उपदेश न राहता हिशेबाचा भाग होईल. पहिल्या वेचणीचा चांगला आणि शेवटच्या वेचणीचा कवडीयुक्त कापूस वेगळा ठेवण्यालाही अर्थ येईल. यासाठी बाजार समिती, कापूस महामंडळ आणि जिनिंग कारखानदार यांनी एकत्र यावे लागेल. सध्याच्या अंदाजाच्या व्यवहारात ज्यांचा फायदा आहे, त्यांचा विरोधही गृहीत धरावा लागेल.

कापूस गाठीत जाईपर्यंत तीन टप्पे पार करतो: शेत, बाजार आणि कारखाना. वणीच्या परिसरात स्वयंचलन तिसऱ्या टप्प्यात स्थिरावले आहे आणि आपल्यापुरते ते यशस्वीही झाले आहे. पहिल्या दोन टप्प्यांत मात्र अजून हात, नजर आणि नशीब यांचेच राज्य आहे. यंत्राने वाढवलेले मूल्य जेथवर मोजले जाते तेथवरच ते वाटले जाते, हा धडा जिनिंगने दिला आहे. वजनकाट्यावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या पावतीवर ओलाव्याच्या टक्केवारीबरोबर स्वच्छतेचा आकडाही छापला जाईल आणि त्याचे पैसे मिळतील, त्या हंगामापासून या स्वयंचलनाचा लाभ कारखान्याच्या फाटकाबाहेर पोहोचू लागेल.